गेजीनेच्या तळातले पाणी

मित्रांनो, आज तुमच्याशी बोलते आहे ती शिडांची एक म्हातारी मालवाहू नौका. माझे नाव गेजीने. उत्तर जर्मनीत वेझर नदीच्या काठी, ओकच्या जाड फळ्यांतून सुतारांनी मला घडवले. जाताना माझ्या पोटात कोळसा असे, येताना मुंबईचा कापूस. तुमची भाषा मी रत्नागिरीच्या खलाशांकडून शिकले. वादळातही माल कोरडा आणणारी म्हणून बंदराबंदरांत माझा लौकिक होता.

पुढे आगबोटी आल्या. माझी शिडे उतरली, डोलकाठ्या कापल्या गेल्या. एल्ब नदीवरच्या एका लहान बंदरात कोळशाचे कोठार म्हणून मला बांधून ठेवले. वर्षानुवर्षे तळात कुणी उतरले नाही. सांध्यांतून पाणी झिरपू लागले, लाकूड आतून मऊ होत गेले. मला ते कळत होते, पण सांगणार कुणाला?

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेर पाउलसेन, म्हणजे श्रीयुत पाउलसेन, या गृहस्थांनी मला विकत घेतले. त्यांचा माझ्यावर खरोखर जीव होता. त्यांनी मला निळा रंग दिला, नव्या डोलकाठ्या उभारल्या, पोटात जेवणाची टेबले मांडली. सडक्या तळावर मात्र सिमेंट ओतले आणि वर फरशी घातली. खाली सड वाढतच राहिली. झिरपणारे पाणी उपसायला एक पंप सतत घुरघुरत असे. पाहुणे फोटो काढत, मला देखणी म्हणत. त्या कौतुकाची मला भीती वाटू लागली होती.

२००६ च्या ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी काही मराठी कुटुंबे माझ्या पोटात जमली. त्यांत लुडविग्सहाफेनच्या रसायन कारखान्यातली संशोधक यामिनी होती, तिचा नवरा यशपाल, सासूबाई द्रौपदीबाई आणि लहानगी लेक धम्मदीपा. बुद्धमूर्तीपुढे वंदना झाली, ताटे वाढली गेली. बाहेर वारा चढला होता, भरतीचे पाणी धक्क्यावर आदळत होते. आणि तेवढ्यात पंप बंद पडला.

कुणाच्या ते लक्षातही आले नाही. मी जिवाच्या आकांताने करकरले. धम्मदीपाने माझ्या भिंतीला कान लावला.

"मम्मा, दास शिफ वाइन्ट," ती जर्मनमध्ये म्हणाली.

"काय म्हणते गं ही?" द्रौपदीबाईंनी विचारले.

"जहाज रडतंय म्हणते, आई," यामिनी हसून म्हणाली. मग तिने खाली पाहिले. तिचे मोजे ओले झाले होते.

तिने हातातला काटा माझ्या बरगडीला टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. यामिनी वळून ओरडली.

"हेर पाउलसेन, सगळ्यांना आत्ताच्या आत्ता बाहेर काढा!"

"अहो, जुन्या लाकडाला घाम येतोच," ते म्हणाले.

यामिनी त्यांच्याशी वाद घालत बसली नाही. "यशपाल, आधी मुलांना वर ने! आई, ताट राहू द्या, उठा!"

"अगं, पण बुद्धमूर्ती?"

"ती मी आणते. तुम्ही चला!"

आता पाउलसेनही घाबरले आणि पंपाच्या खोलीकडे धावले. माणसे भराभर धक्क्यावर उतरली. शेवटची म्हातारी माणसे जिना चढून गेली आणि माझ्या तळाची फळी फुटली. मी एका कुशीवर कलले. पंपाच्या खोलीच्या दाराची चौकट आवळली गेली. पाउलसेन आत अडकले.

"हिल्फे! हिल्फे!" वाचवा, वाचवा म्हणून ते आतून ओरडू लागले.

यामिनी मूर्ती घेऊन जिन्याच्या टोकाशी पोहोचली होती. तिने मूर्ती सासूबाईंच्या हातात दिली आणि ती मागे वळली.

"यामिनी, नको गं!" द्रौपदीबाई ओरडल्या. पण यशपालही तिच्यामागे उतरला होता.

दोघांनी लाकडी बाक उचलून दारावर धडका दिल्या. पाणी त्यांच्या कमरेपर्यंत चढले. मी अंग ताठ धरायला पाहत होते, पण सडलेल्या लाकडात जोर कुठला? अखेर दार फुटले. तिघे कसेबसे वर आले आणि त्यांच्यामागे जिना पाण्यात गेला.

मी नदीच्या चिखलात बसले. धक्क्यावर पाउलसेन थरथरत होते. "मी गेजीनेला नुसता वरूनच बघत राहिलो," ते पुन्हापुन्हा म्हणत होते. द्रौपदीबाईंना जर्मन कळत नव्हते. त्यांनी आपली शाल काढून त्यांच्या खांद्यावर टाकली.

क्रेनने मला बाहेर काढले. आता मी एका शेडमध्ये तुकड्यातुकड्यांनी पडून आहे. मित्रांनो, ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याच्या न दिसणाऱ्या भागाचीही विचारपूस करा. शेडसमोरच्या धक्क्यावर कालपासून दुसऱ्या एका जुन्या नौकेला रंग लावताहेत. खुर्च्याही येऊन पडल्या आहेत. तिच्या तळात अजून कुणी उतरलेले नाही.