बाहेरची

"बाहेरचीला बसणारीचा हेवा वाटला, की बसणारीचं काही खरं नाही," शिंपीणबाईंनी एकदा थोरलीला बजावलं होतं. थोरलीने ते हसण्यावारी नेलं. "काहीतरीच तुमचं, बाई! हेवा, आणि मला?"

कामवाल्यांना मागच्या दाराने पिटाळणाऱ्या त्या टोलेजंग इमारतीच्या पुढच्या पायऱ्यांवर शिंपीणबाईंनीच बायका धरणं धरायला बसवल्या होत्या, आणि एक खडाही न उचलता दार उघडायला लावलं होतं. शिस्त कडक. बसणारीने तोंड उघडायचं नाही, जागचं हलायचं नाही. कुणी शिव्या घालो, पाणी ओतो. आणि प्रत्येक बसणारीची एक बाहेरची. बसणारीचा फोन, औषधं तिच्या पिशवीत. तिने समोरच्या फुटपाथवरून डोळ्यांत तेल घालून बघत राहायचं.

शिंपीणबाईंना जाऊन वर्ष झालं आणि इमारतवाल्यांनी पुढचं दार पुन्हा बंद केलं. बायका पुन्हा बसल्या. पहिल्या रांगेत धाकटी जाऊ. थोरलीच्या कडेवर आठ महिन्यांचं पोर, म्हणून ती धाकटीची बाहेरची.

धाकटीला इथे आणलं कुणी? थोरलीने. उचलून न्यायला आले की अंग कसं सैल सोडायचं, ते शिकवलं कुणी? थोरलीने. आणि शिंपीणबाईंनी शेवटी आपलं शिवणाचं अंगुस्तान दिलं कुणाला? धाकटीला! ते बोटात घालून अशी ऐटीत बसली होती, जसं काही पायऱ्या हिनेच बांधल्या.

"ताई, बाळाला ऊन लागतंय, सावलीत उभी राहा ना," बसण्याआधी ती म्हणाली होती.

"तू तुझे केस नीट कर. फोटो यायचाय ना तुझा," थोरलीने टोमणा हाणला होता.

फोटोवाला आलाच. "ओ बाई, जरा बाजूला व्हा. मध्ये येताय."

मध्ये! थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मिरव म्हणावं! पोराला घेऊन ती तडक घरच्या बसमध्ये चढली.

चार थांबे गेल्यावर पोर रडायला लागलं. दुधाची बाटली काढायला तिने पिशवीत हात घातला, आणि हाती आला धाकटीचा दम्याचा पंप. घाईघाईने तिने धाकटीला फोन लावला. तो त्याच पिशवीत वाजला.

ती उतरली. बसणाऱ्यांभोवती जमलेल्या गर्दीने तिकडे जाणारे रस्ते अडलेले, परतीची बस नाही, रिक्षा नाही. पोराला छातीशी धरून ती पळत सुटली. पळताना मनात आलं, हिला काही झालं तरी नाव हिचंच होणार. स्वतःचीच तिला किळस आली, पण आलं खरं.

पोचायला अजून अर्धा तास. धाकटी मदतीसाठी हात वर करायची नाही. शिस्तीची पक्की आहे.

तुम्ही त्या बाजूला असाल तर जरा बघाल का हो तिच्याकडे? पहिली रांग, डावीकडून तिसरी. ती मान हलवून 'ठीक आहे' म्हणेल, ऐकू नका. गळ्याखालची खळगी आत ओढली जातेय का, तेवढं बघा. जात असेल, तर शिस्त गेली खड्ड्यात, तिला उठवा.