थंड डागणी

बिटर क्रीक गावच्या संग्रहालयात डागणी, म्हणजे गुरांच्या अंगावर मालकाची खूण उमटवायची लोखंडी सळई, टांगायची तर अट एकच, ती थंड हवी. म्हणजे ज्या घराची गुरं संपली, त्याच घराची डागणी भिंतीवर चढायची. गुरांच्या चालत्या रँचची डागणी तिथे टांगणं म्हणजे जित्या माणसाच्या नावाने थडग्याचा दगड कोरून ठेवणं.

वर्ना हॅल्व्हर्सन आपली डागणी घेऊन आली ती जूनच्या एका सकाळी. नवरा ऑर्विल जाऊन दोन वर्षं झाली होती आणि सिअ‍ॅटलच्या मुलीला गुरांचा वाससुद्धा सोसत नव्हता. गेल्या हिवाळ्याआधी वर्नाने होती नव्हती ती गुरं विकली आणि 'सुटले बाई एकदाची' असं गावभर सांगत फिरली. सुटली कसली! रोज पहाटे उठून रिकाम्या कुंपणाकडे बघत कॉफी प्यायची. आता रान तेवढं शेजारच्या ड्वेन मॅक्रेला विकलं की हॅल्व्हर्सनांचं नाव संपलं.

संग्रहालय सांभाळणाऱ्या लोइसने पाटी रंगवून ठेवली होती. 'हॅल्व्हर्सन. एक गाय आणि तिचं वासरू घेऊन आले.' खाली पहिलं साल आणि शेवटचं, म्हणजे यंदाचं. रंग अजून ओला होता, वाळायला उद्या उजाडणार होतं.

"खरंच एकच गाय?" लोइसने विचारलं.

"एकच. तीही मजुरीत मिळालेली. पहिल्या हिवाळ्यात ऑर्विलच्या आजीने तिला घरात घेतलं आणि आजोबांना म्हणाली, तुम्ही झोपा बाहेर."

दोघी हसल्या. लोइसने डागणी खिळ्याला अडकवली आणि वर्नाला एकदम भरून आलं.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. ड्वेन आत आला तो धुळीने माखलेला, अंगाला जळक्या केसांचा वास.

"वर्ना, ती डागणी खाली काढ."

"का? वाकडी लागली?"

"आज माझ्याकडे वासरं डागतोय. वरच्या दरीतली गुरं खाली आणली, त्यात तुझी गाय निघाली. ती फाटक्या कानाची. मागे वासरू आहे, कालवड."

"ती तर मेली! बर्फ पडायच्या आधी सगळे डोंगर पालथे घातले मी."

"मेली?" ड्वेनने लंगडून दाखवलं. "मग मला लाथ कुणी मारली?"

वर्नाने भिंतीवरच्या डागणीकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुझीच खूण दे त्या वासराला. नाहीतरी रान तूच घेणार आहेस."

ड्वेनने टोपी काढली. तो चिडला होता.

"आईच्या अंगावर तुझी खूण आणि लेकराच्या अंगावर माझी? याला चोरी म्हणतात आपल्याकडे. माझा आजा थडग्यातून उठून चाबूक घेऊन येईल. सगळे शेजारी खोळंबलेत, विस्तव फुकट जातोय. चल!"

"भिंतीवरची वस्तू परत देत नाही आम्ही," लोइस म्हणाली.

"नियम तुझाच ना, थंड हवी म्हणून? ही आता तापणार आहे," म्हणत ड्वेनने डागणी काढलीसुद्धा.

ड्वेनच्या रँचवर शेजारी विस्तवाभोवती वाट बघत होते. आजवर डागायचं काम ऑर्विलचं. वर्ना चुलीपाशी, नाहीतर वासरांना लसीची सुई टोचायला. पण मालकाची डागणी मालकानेच धरायची, म्हणून कुणी पुढे झालं नाही. दोघांनी कालवड आडवी धरली. वर्नाने तापलेली डागणी टेकवली. धूर निघाला, कालवड ओरडली आणि सुटल्यासरशी आईकडे पळाली. गाय तिला चाटत वर्नाकडे अशी रागाने बघत होती की वर्नाला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू. ऑर्विल गेल्यापासून इतका आनंद तिला झालाच नव्हता.

"मग रानाचं काय?" ड्वेनने हळूच विचारलं.

"गाय काय हवेत चरणार आहे? रान नाही द्यायचं मला. पण मायलेकींना दोघींनाच करमणार नाही तिथे. तुझी थोडी गुरं पाठव सोबतीला."

"बघा रे, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला मी," ड्वेन सगळ्यांना सांगत होता आणि हसत होता.

परतताना वर्ना संग्रहालयापाशी थांबली. लोइस कुलूप लावत होती.

"खिळा काढून टाकू का?"

"राहू दे. लागेल कधीतरी."

वर्ना आत गेली. गळ्यातला रुमाल सोडून तिने पाटीवरचं शेवटचं साल पुसून टाकलं.