मंजुरीचे बटण

औषधांची माहितीपत्रके छापणाऱ्या त्या कारखान्यात मास्तर एकतीस वर्षे मुद्रिते तपासत होते. पण नव्या संगणकावर त्यांच्या पडद्यावर ‘मंजूर’ हे बटण नव्हते. शेजारी बसणाऱ्या, त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या तरुणीच्या पडद्यावर ते होते.

“ज्याचं काम जेवढं, त्याला तेवढंच दिसतं, मास्तर,” सिस्टीमवाल्याने समजावले होते. “तुम्ही चुका शोधा. पुढचं आम्ही बघतो.”

“म्हणजे पाटावर बसा, पण ताटाला हात लावू नका!”

सगळे हसले. मास्तर सर्वांत मोठ्याने.

सात महिने त्यांनी चुका शोधल्या आणि रोज संध्याकाळी तपासल्याच्या कागदी यादीवर सही केली. मुलांच्या तापाच्या औषधात ‘२.५ मिली’ऐवजी ‘२५ मिली’ पडलेले त्यांनी हेरले, तेव्हा घरी बायकोला दोनदा सांगितले, “अगं, एवढंसं टिंब! पोर हकनाक गेलं असतं.”

महिन्याभराने मालकांनी बोलावले. टेबलावर तेच पत्रक होते, छापून आलेले. टिंब नव्हते.

“दोन मुलं दवाखान्यात आहेत,” मालक म्हणाले.

“मी दुरुस्त केलं होतं!”

“दाखवा.”

मास्तरांनी आपला संगणक धुंडाळला. त्या आठवड्यातले काहीच तिथे नव्हते. सिस्टीमवाला खाली बघत म्हणाला, “तुमचं खातं सरावाचं आहे, मास्तर. दर शनिवारी पुसलं जातं. तुमचा वेग कमी पडत होता... दुखवू नका, असं वरून सांगितलं होतं.”

“पहिल्या दिवसापासून?”

मास्तरांनी तरुणीकडे पाहिले. “तुला माहीत होतं, बाळ?”

तिने मान वळवून नजर पडद्याला लावली.

“मंजूर तर हिनं केलंय,” मास्तर मालकांना म्हणाले.

“तुमच्या सहीवर विसंबून.” मालकांनी यादी पुढे सरकवली. “तपासणीला अनुभवी माणसाची सही लागते. इथं तुमच्याइतका अनुभव कुणाला आहे?”

कबुलीपत्र तरुणीच्याच संगणकावर तयार झाले. मास्तरांनी ते सवयीने शब्द न् शब्द वाचले आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवले.

“इथं सेवा तेरा वर्षं पडलीय. एकतीस हवं.”

“आता राहू द्या,” मालक पेन देत म्हणाले. “मंजूर झालंय ते. तुम्ही सही तेवढी करा.”