दश्तिसंगमध्ये पडलेली एकच भिंत

भूकंप म्हणावा इतका मोठा तो नव्हताच. सकाळी दहाच्या सुमारास दश्तिसंगखाली जमिनीने एक हिसका दिला, फडताळातल्या चहाच्या पियाल्या किणकिणल्या, कोंबड्या ओरडल्या, संपलं. दुपारी रेडिओवर सांगितलं : धक्का सौम्य, केंद्र फार खोल नाही, नुकसान काही नाही.

तोवर सफोलला शेवटची आंघोळ घालून झाली होती.

अख्ख्या गावात एकच भिंत पडली, सफोलच्या गोठ्याची. तिला पाठ टेकून तो उन्हात बटाट्याची पोती शिवत बसला होता. आणि ती बांधली होती त्याच्या मेहुण्याने, दावरोनने. गवंड्याला तिकडे उस्तो म्हणत, आणि दावरोनचे हात चाळीस वर्षं मातीत होते.

माती उपसायला तोच सगळ्यांच्या पुढे होता. सफोल सापडला तेव्हा सुई अजून बोटांतच होती. बाकीचे रडत असताना दावरोनची नजर भिंतीच्या उरलेल्या बुडाकडे गेली. मातीच्या भिंतीत कमरेएवढ्या उंचीवर आडवी तुळई घालतात. जमीन हलली तर तीच भिंतीला धरून ठेवते. इथे तुळई नव्हती. कुठून असणार? तीन वर्षांपूर्वी बहिणीने, मोहबेगिमने, त्यासाठी अंगणातली पॉप्लरची दोन झाडं तोडून दिली होती. ती गेली दावरोनच्या मुलाच्या लग्नासाठी बांधलेल्या खोलीच्या छताला. गोठ्याला कशाला एवढं, असं मनाशी म्हणून त्याने वरून गिलावा सारवून टाकला होता.

"मन घट्ट करा, उस्तो," लोक येऊन म्हणत. "खुदाच्या मर्जीपुढे कुणाचं चालतं?"

तो प्रत्येक वेळी मान हलवत राहिला.

तिसऱ्या दिवशी बायका पांगल्यावर तो बहिणीजवळ गेला. ती तंदुरातली राख काढत होती.

"मोहबेगिम, त्या भिंतीत..."

"तुळई नव्हती." तिचा हात थांबला नाही.

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला हवं? तुझी नवी सून बघायला आले, तेव्हा छताकडे पाहिलं. माझ्या धाकट्याने झाडावर नाव कोरलं होतं. तू तासलंस, पण पुरतं नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"यांना बोलले. तर हसले. म्हणाले, उस्तोची भिंत आहे, आपल्या मागेही उभी राहील." एवढं बोलून तिने राखेचं टोपलं खाली ठेवलं आणि डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबलं.

"मी मशिदीत सगळ्यांसमोर सांगतो," दावरोन म्हणाला.

"आणि मग? माझी पोरं तुझ्या पोरांवर सुरे काढतील. नवरा गेला, आता पोरंही घालवू? गप्प बस, दादा. फक्त खुदाची मर्जी म्हणत माझ्या दारात येऊ नकोस."

तो गप्प बसला असताही. पण गावात तशा आणखी पाच भिंती होत्या, त्याच्याच हातच्या, लाकूड वाचवलेल्या. रात्रभर त्या डोळ्यांपुढून हलेनात. सकाळी तो पहिल्या दाराशी उभा राहिला, तेव्हाच त्याला कळून चुकलं की हे झाकून राहणार नाही. तरी भिंतीत तुळई घालून देतो म्हणत तो पाचही दारं फिरला.

चहाची टपरी चालवणारा रुझीबोय हसला. "भिंत माझी, उस्तो, आणि भुतं तुला दिसायला लागली?" त्याने हात लावू दिला नाही. बाकी चौघांनी घाबरून भिंती उकरू दिल्या. बर्फ पडायच्या आत दावरोनने स्वतःच्या खर्चाने चारही भिंतींत तुळया बसवल्या.

गाव काही खुळं नव्हतं. या भिंतींत लाकूड नव्हतं, तर सफोलच्या भिंतीत काय होतं? कुणीतरी पारावर विचारलंच.

सफोलच्या मृत्यूच्या चाळिसाव्या दिवशी दावरोन नान-रोट्यांची चवड घेऊन बहिणीकडे गेला. दारात तिचा थोरला उभा होता. डोळे सुजलेले, हात रिकामे.

"मामा, आत येऊ नका," तो म्हणाला. "आईला मी शब्द दिलाय, म्हणून नुसतं तोंडाने सांगतोय."

आत मोहबेगिम पाहुण्यांसाठी नान मोडत होती. तिला ऐकू गेलं होतं. तिने मान वर केली नाही.

दावरोनने चवड उंबऱ्यावर ठेवली. पोराने ती उचलून त्याच्या हातात परत दिली, आणि दार लोटून घेतलं.