पिकअपची ट्रायल

माझ्या जुन्या पिकअपला चढ झेपेना. नव्या इंजिनाची ऐपत कुठली! म्हणून मेव्हण्याने, बायकोच्या धाकट्या भावाने, ताकद वाढवायला भंगारातला टर्बो बसवला. ब्रेक मात्र जुनेच. "ते नंतर बघू, भाऊजी," म्हणे.

किल्ली फिरवली, तर गाडी वाघासारखी गुरगुरली. दर ट्रायलला हा पठ्ठ्या हमखास शेजारी बसतो. आज हात पुसत गॅरेजच्या दारातच उभा.

"येतोस ना?"

"तुम्हीच या फिरवून."

तेवढ्यात बायको हौसेने शेजारी चढून बसली. "चला, घाट उतरून येऊ!"

मेव्हण्याचा चेहरा पांढराफटक पडला. धावत येऊन त्याने तिच्या बाजूचं दार उघडलं.

"ताई, तू उतर."

माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.