चाळीसपेक्षा कमी नाही

माझा भाऊ ओस्मो आणि मी ओउलू शहरातल्या एकाच कचेरीत काम करतो, हे आमच्या आईचं भाग्य आणि माझं दुर्दैव. गोठलेल्या समुद्रावरून बेटाकडे जाणाऱ्या रस्त्याचा दिवा आमच्या डेटाबेसवर चालतो. बर्फातली यंत्रं बर्फाची जाडी कळवतात, त्यावरून दिवा हिरवा किंवा लाल होतो.

आमच्याकडे दुसऱ्याने मोठ्याने वाचल्याशिवाय कोडची एक ओळही चालू करत नाहीत. पण ओस्मोला भारी घाई! सकाळीच नवी ओळ चालू करून टाकली आणि कॉफीच्या वेळी माझ्यापुढे ठेवली.

मी वाचलं, "जाडी चाळीस सेंटीमीटरपेक्षा कमी नसेल, तर हिरवा." मग म्हटलं, "सरळ लिहायला काय धाड भरली होती? चाळीस किंवा जास्त असेल, तर हिरवा."

"एकच की गं ते! उगाच कीस पाडू नकोस."

"आणि यंत्र बिघडलं तर?"

बिघडलेलं यंत्र जाडीच्या जागी 'आकडा नाही' असं पाठवतं. हे बेणं मोठं विचित्र. कशाहून कमी नाही, कशाहून जास्त नाही, स्वतःच्या बरोबरीचंसुद्धा नाही. म्हणजे चाळीसपेक्षा कमी नाहीच! मी पडद्याकडे पाहिलं. एका यंत्राचा आकडाच नाही, आणि दिवा हिरवागार. बाहेर मार्चचं ऊन, छपरांवरून पाणी गळत होतं.

"ओस्मो, सिर्पा कुठे आहे?"

तो पांढराफटक पडला. त्याची बायको याच वेळी बेकरीची गाडी घेऊन बेटावर जाते.

मी फोन लावला. वाजतोय, वाजतोय, उचलत नाही.

"काय गं?" एकदाची सिर्पा बोलली. "दिव्यापाशी आलेय. हिरवा आहे, निघते."

"खबरदार चाक हलवलंस तर!"

ओस्मोने ओळ बदलली. मी मोठ्याने वाचली, "चाळीस किंवा जास्त असेल, तरच हिरवा." मग त्याने ती चालू केली.

"अगं बाई, लाल झाला!" सिर्पा ओरडली.

मी सगळं सांगून टाकलं. भाऊ असला म्हणून काय झालं? मग फोन त्याच्या हातात दिला.

आमच्याकडचे पुरुष बायकोचं कौतुकसुद्धा 'वाईट नाही' एवढ्यावर भागवतात. ओस्मो घसा खाकरत राहिला.

"सिर्पा," शेवटी तो म्हणाला, "तू मला फार आवडतेस गं."



"सकाळी सकाळी प्यायलास का रे?" तिने विचारलं. पण ती हसता हसता रडत होती, ते मला इथवर ऐकू येत होतं.