दारातून दिसणारी खोली

कापडाच्या दुकानात तिला सगळे टाचणी म्हणत. दर्शनी काचेतले पुतळे सजवायचं काम तिचं. तोंडात कायम दोन-चार टाचण्या धरलेल्या, आणि त्या नसल्या की जिभेला त्यांच्याहून जास्त धार. मालकसुद्धा तिच्याशी जरा बेतानंच बोलत. अशा बाईला तिच्या सख्ख्या भावानं फोनवर सुनावलं, "आधी घर माणसात आण. रविवारी अण्णांना घेऊन येतो. मला पटलं तर ठेवीन, नाहीतर आल्या पावली परत नेईन." फोन ठेवल्यावर तिच्या अंगाचा जो तिळपापड झाला, तो रविवारपर्यंत काही शमला नाही.

अण्णांना, म्हणजे वडिलांना, तिच्याकडे यायचं होतं हे मात्र खरं. काचबिंदूनं त्यांची नजर गेली होती. उजेड आणि अंधार यापलीकडे काही कळत नव्हतं. बायको गेल्यापासून ते मुलाकडे, काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत राहत होते. त्या घरात दिवसभर टीव्ही बोलायचा आणि माणसं गप्प असायची. एकदा घरात कोणी नसताना त्यांनी लेकीला फोन लावला आणि "मला इथून ने गं," एवढंच म्हणाले. अण्णा काही मागणाऱ्यांतले नव्हेत. उभा जन्म त्यांनी हुकूम सोडण्यात घालवला होता. त्यांच्या तोंडून असं काही ऐकून टाचणी त्या दिवशी जेवली नाही.

दादाला वडील प्रिय होते म्हणून तो सोडत नव्हता असं समजू नका. म्हातारा बहिणीकडे राहायला गेला तर चारचौघांत नाक कापलं जाईल, ही त्याची चिंता. आणि वहिनीला नणंद जिंकलेली बघवणार नव्हती. टाचणी पूर्वी त्याच घरात राहायची. वहिनीशी कडाक्याचं भांडण करून, दार आपटून बाहेर पडली होती. तेव्हा वहिनी म्हणाली होती, "जाऊ दे तिला, चार दिवसांत नाक घासत येईल." ती परत गेली नाही. हे वहिनीला अजून पचलेलं नव्हतं.

आता खोली. तिसऱ्या मजल्यावर, एक खोली आणि तिला चिकटलेला ओटा. भाड्याच्या मानानं झकास आहे असं दलाल म्हणाला होता. दलालाला तिथं राहायचं नव्हतं. लांब भिंतीला ओल येऊन रंगाचे पापुद्रे सुटले होते. खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीचे पाइप. सामान म्हणजे लोखंडी पलंग, प्लास्टिकची खुर्ची आणि एक पत्र्याची पेटी. रंग द्यायचा तर खिशात खडखडाट. वहिनी दारातच नाक मुरडून "अगं बाई" म्हणेल, हे टाचणीला आत्तापासून ऐकू येत होतं.

पण टाचणी हात टेकणारी नव्हती. हंगाम उलटला की काचेतली सगळी सजावट दुकानाच्या मागच्या गोदामात जाऊन पडते. मालक म्हणाले, "घेऊन जा बाई, तेवढीच जागा होईल." तिनं अक्षरशः लूट केली. निळ्या कापडाचे तागे, थर्माकोलचे फळ्या वाटतील असे पट्टे, कागदी फुलं, आत पानं नसलेली, नुसत्या पाठींची पुस्तकं, पुतळे बसवायचे पुठ्ठ्याचे ठोकळे. रोज काम सुटलं की ती हे सगळं काखोटीला मारून जिना चढायची आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात दादाच्या नावानं शिव्या मोजायची.

काच सजवणाऱ्याचा एकच नियम असतो: बघणारा जिथं उभा राहील तिथून बघायचं. पुतळ्याचा कोट समोरून बेतलेला दिसतो आणि पाठीमागून टाचण्यांनी आवळलेला असतो. पाठीमागं जातो कोण? तिनं घरातही तेच केलं. ओल आलेल्या भिंतीसमोर वीतभर अंतर सोडून लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि त्यांवर निळं कापड असं ताणून बसवलं की सुरकुती सापडू नये. त्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं फळ्या, फळ्यांवर पुस्तकं. ठोकळ्यांना कापड गुंडाळून बैठक झाली. मग ती दारात जायची, डोळे बारीक करायची आणि वहिनी होऊन बघायची. खोट दिसली की पुन्हा आत.

अण्णांचं तिनं काहीच केलं नाही असं नाही. पलंग घासून काढला, नवी चादर घातली. पण अण्णा काय, ते कुठंही राहतील, परीक्षा घेणारे हे दोघं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात वडिलांचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर फारसा आलाच नाही. येत होतं ते वहिनीचं नाक.

रविवारी तिघं आली. दादाच्या एका हातात अण्णांचा दंड, दुसऱ्या हातात त्यांची बॅग. वहिनी पुढं. दारात येऊन तिनं नाक मुरडायची तयारी केलीच होती, ती तशीच राहिली. मावळतीचा उजेड दारातून निळ्या कापडावर पडला होता. खोली दुप्पट मोठी वाटत होती. वहिनीनं कोपरा न् कोपरा नजरेनं उकरला; काही हाती लागलं नाही. दादानं उगाच खाकरून बॅग खाली ठेवली.

"या ना, बाहेर का?" टाचणी म्हणाली. आवाजात इतका मध की ऐकणाऱ्याला मळमळावं. "आमचं आपलं साधंच आहे."

"बरं केलंयस," दादा पुटपुटला. ते दोन शब्द ऐकायला तिनं आठवडाभर जिवाचं रान केलं होतं.

"मला खोली दाखव," अण्णा म्हणाले.

"समोर निळी भिंत आहे अण्णा, त्यावर तीन फळ्या, फुलं..."

"बोलू नकोस. सोड मला, माझं मी बघतो."

आणि अण्णा भिंतीकडे निघाले, हात पुढं करून. त्यांनी तळवा टेकवला. कापड आत गेलं आणि हात पोकळीत बुडाला. त्यांनी तो चटका बसल्यासारखा मागं घेतला. सरकत पुढं जाऊन पुन्हा चाचपलं तर फळी हाताला लागली; आधार म्हणून तिच्यावर भार टाकला तशी ती टेपसकट निखळली आणि पुस्तकांच्या पाठी फरशीवर विखुरल्या. गोंधळून ते मागं सरले, गुडघ्याला बैठक लागली, तीवर बसले. ठोकळा खचला. दादानं धावत जाऊन खांद्यांना धरून पलंगावर बसवलं नसतं तर म्हातारा आडवाच झाला असता.

"हे घर आहे की शोकेस?" दादा ओरडला.

"तू ओरडू नकोस माझ्या घरात!"

"घर? कुठं आहे घर? पुठ्ठा आहे सगळा! हाड मोडलं असतं त्यांचं."

"तू माणसात आण म्हणालास! तुझ्या बायकोच्या नाकाला झोंबू नये म्हणून मी मर मर मेले!"

"माझं नाव कशाला मध्ये?" वहिनी म्हणाली. "मी एक शब्द बोलले का?"

"तुम्ही न बोलताच जास्त बोलता."

तिघं एकमेकांवर तुटून पडली. मधोमध म्हातारा, दोन्ही हात मांडीवर, आवाज येईल तिकडे मान वळवत. शेवटी अण्णांनी पलंगाच्या लोखंडावर थाड्कन हात मारला.

"पोरी, ही सजावट कोणासाठी केलीस?"

"तुमच्यासाठी, अण्णा."

"मला दिसतं का?"

तोंडात टाचण्या असत्या तर निदान गप्प राहायला निमित्त मिळालं असतं.

"मला धरायला एक भिंत ठेवली नाहीस तू."

"काढते. आत्ता सगळं काढते," ती म्हणाली, आणि खरोखरच तुटून पडली. कापड ओरबाडलं, पट्ट्या उपटल्या. धूळ उडाली. मागून ती जुनी भिंत उघडी पडली, काळी-हिरवी, कुबट वासाची. अण्णा उठून आले आणि त्यांनी बोटं टेकवली. रंगाचा पापुद्रा त्यांच्या मुठीत आला. त्यांनी तो चुरगाळला, नाकाशी नेला.

"ही ओल लपवलीस होय?" दादा म्हणाला. आता तो ओरडत नव्हता. ते तिला जास्त लागलं.

"अण्णा, मी गिलावा करून घेते. थोडा वेळ द्या मला."

"घे करून," अण्णा म्हणाले. "मग बघू. तिकडे दादाकडे पलंगापासून संडासापर्यंत सलग भिंत आहे. हात लावत जातो, कोणाला हाक मारावी लागत नाही." मग मुलाकडे तोंड करून, "आणि तू खूश होऊ नकोस. तुझ्याकडे करमतं म्हणून येत नाहीये मी. चल."

दादानं बॅग उचलली. जाताना अण्णांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवायला हात उचलला, तो आधी तिच्या खांद्याला लागला, मग तिथंच जरा थोपटून ते वळले. बाप-लेक जिना उतरू लागले. टाचणी दारात उभी. पाठीमागं निम्मं कापड लोंबत होतं. रडू कोसळणार होतं, पण वहिनी अजून गेली नव्हती, म्हणून तिनं ते गिळलं.

वहिनी फोन काढून कोपऱ्यातल्या शाबूत राहिलेल्या कापडाचा फोटो घेत होती.

"वन्सं, खरं सांगू? दारातून पाहिलं तेव्हा वाटलं, हरलो आपण. कसलं सुरेख ताणलंय हो कापड! मला शिकवा ना."

आठवडाभर जिच्यासाठी डोळे बारीक केले, तिनं शेवटी मान तुकवली होती. टाचणीला त्याचं काहीच वाटलं नाही.

"कशाला?" तिनं विचारलं.

"आमच्याकडे लावीन म्हणते. बाल्कनीपासून संडासापर्यंतची ती भिंत हो. अण्णा हात घासत जातात ना, कंबरेच्या उंचीवर काळा पट्टाच उमटलाय. पुसला तर जात नाही. कोणी आलं-गेलं की इतकी लाज वाटते! असं कापड ताणून दिलं की झाकून जाईल."

खालून दादाची हाक आली. वहिनी निघाली, तर टाचणीनं तिचं मनगट धरलं. भांडणात धरायची तसं नव्हे, दोन्ही हातांनी.

"वहिनी, पाया पडते तुमच्या. त्या भिंतीला काही लावू नका."

वहिनी बघतच राहिली. या बाईच्या तोंडून असं ऐकायची तिनं किती वर्षं वाट पाहिली होती. पण ते असल्या कारणासाठी येईल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"अहो, नुसता मळ आहे तो," ती म्हणाली.

"असू दे," टाचणी म्हणाली. "मळ असू दे."